कार्बन बाणातला इन्सर्ट पुन्हा पुन्हा निघतोय? हॉट मेल्टने बसवताना नेमकं कुठे बिघडतं

बाण ओढला, शाफ्ट (बाणाची नळी) हातात आला आणि पॉइंट (बाणाचं टोक) इन्सर्टसकट, म्हणजे तो बसवायला शाफ्टच्या तोंडात चिकटवलेल्या आट्यांच्या धातूच्या तुकड्यासकट, टार्गेटमध्येच अडकून राहिला. परत गोंद लावला, काही दिवस टिकला, आणि पुन्हा तेच. या तक्रारीवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘हॉट मेल्ट कच्चाच असतो, एपॉक्सी लावून टाका’. हॉट मेल्ट म्हणजे तापवून वितळवायचा गोंद, एपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा. हा सल्ला घाईचा आहे. टार्गेटवर मारायच्या बाणांसाठी नीट बसवलेला हॉट मेल्ट पुरेसा पक्का असतो. शिवाय शाफ्टला धक्का न लावता इन्सर्ट हवा तेव्हा बाहेर काढता येतो, आणि ही सोय एपॉक्सीत नाही. पॉइंटचं वजन बदलून बघायचं असेल, शाफ्ट पाव इंच आखूड करायचा असेल, तिरका बसलेला इन्सर्ट फिरवून सरळ करायचा असेल, तेव्हा तिची किंमत कळते.

इन्सर्ट वारंवार निघतो तेव्हा बहुतेक वेळा दोष गोंदात नसतो, उष्णतेच्या हिशोबात असतो. एकतर धातू पुरेसा तापलेला नसतो, म्हणून गोंद पकडत नाही. किंवा घाबरून भलतंच तापवलं जातं आणि शाफ्ट आतून खराब होतो. उष्णता धातूत घालायची, कार्बनमध्ये नाही, एवढं एक पथ्य पाळलं तर निम्म्या अडचणी येतच नाहीत.

निघालेला इन्सर्ट आधी नीट बघा

निघालेला इन्सर्ट पुसून लगेच परत चिकटवायची घाई करू नका. गोंद कुठे राहिलाय, यावरून कारण जवळजवळ नक्की कळतं. भरपूर उजेडात इन्सर्ट बोटांत फिरवून बघा आणि शाफ्टच्या तोंडात टॉर्च मारा.

सगळा गोंद इन्सर्टवरच आहे आणि त्याचा बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत आहे: याचा अर्थ गोंदाने शाफ्टला पकडलंच नाही. शाफ्टच्या आत कार्बनची भुकटी, तेलकटपणा किंवा ओल होती, नाहीतर शाफ्ट इतका गार होता की गोंद टेकताक्षणी थिजला. हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

गोंद शाफ्टच्या आत राहिलाय आणि इन्सर्ट कोरा निघालाय: धातू गार होता किंवा त्यावर मशीनचं तेल होतं. नवे इन्सर्ट पाकिटातून काढून थेट चिकटवले की हेच होतं. ग्लू गनने गार इन्सर्टवर गोंद ओतून तो आत ढकलणाऱ्यांचाही हाच अनुभव असतो. गनमधला गोंद कितीही गरम असला तरी ऍल्युमिनियम त्याची उष्णता क्षणात शोषतं, आणि धातूला लागून असलेला थर चिकटण्याआधीच घट्ट होतो.

इन्सर्टच्या अंगावर गोंद नाही, पण पुढच्या कॉलरपाशी (शाफ्टच्या कडेवर टेकणाऱ्या रुंद कडेपाशी) त्याची जाड वळकटी झालीय: आत जाताना गोंद शाफ्टच्या कडेवर खरवडून निघाला. एकतर तो पुरेसा पातळ नव्हता, किंवा इन्सर्ट फार घट्ट मापाचा आहे.

गोंद दोन्हीकडे आहे, मधोमध फाटलाय, तंतू ओढल्यासारखा दिसतो: पकड चांगली होती, पण गोंदच मऊ पडला. उन्हात ठेवलेले बाण, बंद गाडीत राहिलेले बाण, किंवा दाट फोममध्ये घर्षणाने तापलेला शाफ्ट लगेच ओढून काढणं, ही त्याची नेहमीची कारणं. कमी तापमानाच्या गोंदाला ६०–७० अंश सेल्सिअस म्हणजे धोक्याची हद्द, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत काळा कार्बन तिथवर सहज पोचतो.

गोंद तपकिरी झालाय, त्यात बुडबुडे आहेत: तो जळाला. जळालेला हॉट मेल्ट ठिसूळ होतो आणि पुन्हा वितळवून त्याची पकड परत येत नाही. पूर्ण खरवडून नव्याने लावा.

गोंद काचेसारखा तडकून कपच्यांनी निघतो: हस्तकलेच्या स्वस्त ग्लू स्टिक थंडीत अशाच वागतात. बाणांसाठी म्हणून मिळणारा लवचीक प्रकारचा हॉट मेल्ट थंडीत कमी तडकतो.

गोंदात एक लांब चर किंवा पोकळ नळी दिसते: तो आतल्या हवेने बाहेर पडताना काढलेला रस्ता आहे. म्हणजे इन्सर्ट बसवताना नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरीत अडकणारा खाचेचा तुकडा) लावलेलाच होता. याबद्दल पुढे सविस्तर.

गोंद कोणता

साधारण १२० अंशांना चालणाऱ्या ग्लू गनच्या स्टिक ‘लो टेम्प’ म्हणून ओळखल्या जातात आणि १९० अंशांच्या आसपास चालणाऱ्या ‘हाय टेम्प’ म्हणून. कार्बनसाठी पहिला प्रकार घ्या. कार्बन शाफ्ट म्हणजे कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं एपॉक्सी रेझिन. तंतूंना एवढ्या उष्णतेने काही होत नाही, पण रेझिन ठरावीक तापमानापुढे मऊ पडतं आणि थर एकमेकांपासून सुटतात. हे तापमान शाफ्टनुसार वेगवेगळं असतं, म्हणून अंदाजाने वरच्या टोकाला खेळण्यात अर्थ नाही. लाकडी किंवा ऍल्युमिनियमच्या बाणांसाठी वापरला जाणारा जुना कडक हॉट मेल्ट बऱ्याचदा जास्त तापमानाचा असतो. घरात पडलाय म्हणून तो कार्बनला लावू नका.

शाफ्टचं तोंड

इथे वेळ घालवा. चिकटवायचं काम मिनिटभराचं आहे, पण ते टिकणार की नाही हे आधीच ठरलेलं असतं.

शाफ्ट वेगाने फिरणाऱ्या अपघर्षक चकतीनेच कापलेला हवा. करवतीने किंवा नळी कापायच्या कटरने कापलेल्या शाफ्टच्या कडेला बारीक कुसळं आणि तडे राहतात. असे तडे असतील तर गोंदाचा विचार नंतर, आधी तो भाग काढून टाका. कड काटकोनात आहे का हे तपासायला तिच्यावर मार्करने रंग लावा आणि शाफ्ट सपाट आधाराला टेकवून, काटकोनात धरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर फिरवा. रंग सगळीकडून सारखा निघेपर्यंत फिरवत राहा. एका बाजूला रंग उरला तर ती बाजू खोल आहे आणि इन्सर्टची कॉलर तिथे टेकणार नाही.

आतली बाजू घासायला २२० ते ३२० नंबरचा पॉलिश पेपर पातळ काडीला गुंडाळा आणि इन्सर्टच्या लांबीपेक्षा किंचित जास्त, साधारण २५ ते ३० मिलिमीटर खोलीपर्यंत, हलक्या हाताने आठ-दहा फेरे द्या. चकाकी गेली की पुरे. शाफ्टची भिंत पातळ करायची नाहीये. घासताना मास्क लावा आणि शाफ्टचं तोंड खाली धरा. ही भुकटी फुंकर मारून उडवायची नाही, कारण ती फुप्फुसात आणि डोळ्यांत जायची वस्तू नाही.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड आत फिरवा. पहिला काळा निघेल, दुसराही काळा निघेल. स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. बहुतेक जण दुसऱ्यालाच थांबतात आणि वर सांगितलेला ‘चकचकीत गोंद’ त्यातूनच येतो. ऍसिटोन वापरू नका. रेझिनवर रेंगाळला तर तो त्याला इजा करू शकतो. अल्कोहोल उडून जायला पाच-दहा मिनिटं द्या, आणि ते सगळं उडून जाईपर्यंत आसपास ज्योत पेटवू नका. अल्कोहोलची बाटलीही बूच लावून लांब ठेवा.

एक फसवा प्रकार ध्यानात ठेवा. फोममधून बाण सहज निघावेत म्हणून काही जण शाफ्टवर सिलिकॉनचा फवारा मारतात. हे सिलिकॉन हातावरून, फडक्यावरून शाफ्टच्या तोंडात आणि इन्सर्टवर पोचतं आणि अल्कोहोलने नीट निघत नाही. सगळं नियमाप्रमाणे करूनही एकाच संचातले बाण परत परत सुटत असतील तर याचा संशय घ्या. अशा वेळी पृष्ठभाग घासूनच काढावा लागतो, आणि घासण्याआधी पुसून घ्यावा लागतो, नाहीतर तेच सिलिकॉन पेपरने सगळीकडे पसरतं.

इन्सर्टही अल्कोहोलने पुसा आणि बाहेरून हलका घासा. अंगावरच्या आडव्या खाचा मोकळ्या ठेवा. गोंद त्या खाचांत भरून थिजला की ओढताना धरून ठेवण्याचं मोठं काम तोच करतो. कॉलरच्या मागच्या बाजूला, जिथे ती शाफ्टला टेकते, पेपर लावू नका.

उष्णता: किती, कुठे, किती वेळ

ऍल्युमिनियमचा साधा इन्सर्ट १५ ग्रेनच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमचा असतो. एवढासा धातू ज्योतीत पटकन तापतो आणि बाहेर काढला की तितक्याच पटकन गार होतो. म्हणून त्यात एक जुना १०० ग्रेनचा पॉइंट फिरवून बसवा. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. आता तापलेला धातू सातपटीहून जास्त झाला, हाताशी काही सेकंद जास्त मिळाले, पक्कडीने धरायला जागा मिळाली आणि आट्यांत गोंद शिरायचा मार्गही बंद झाला. हे आटे नेहमीच्या ८-३२ मापाचे, म्हणजे इंचाला ३२ फेरे असे बारीक असतात. त्यांत थोडाही गोंद गेला तर पॉइंट सरळ बसत नाही.

ज्योत पॉइंटच्या टोकाकडे धरा, इन्सर्टवर नाही. उष्णता धातूतून मागे जाऊ द्या. मेणबत्ती किंवा पिवळ्या ज्योतीचा लायटर वापरलात तर काजळी बसते, आणि काजळीवर गोंद धरत नाही. निळी ज्योत हवी. दर दोन-तीन सेकंदांनी धातू ज्योतीतून बाहेर काढा आणि ग्लू स्टिक इन्सर्टला टेकवून बघा. स्टिक नुसती घासली जाते, चिन्ह उमटत नाही: अजून गार. स्टिक लोण्यासारखी पसरते आणि मागे पातळ, पारदर्शक थर ठेवते: बरोबर. गोंद थेंबाथेंबाने गळतो, धूर येतो, फसफसतो: जास्त झालं. ज्योतीपासून दूर धरून थांबा, गोंद चिकट पण सरकता होईपर्यंत, आणि मगच पुढे जा. गोंद स्टिकवर ज्योत धरून कधीही वितळवू नका. तो धातूच्या उष्णतेनेच वितळला पाहिजे, कारण धातू पुरेसा तापलाय की नाही हे सांगणारी तीच खूण आहे.

धातूनुसार वागणं बदलतं आणि हे फारसं कुणी सांगत नाही. ऍल्युमिनियम उष्णता झटपट वाहून नेतं, पितळ त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि स्टेनलेस स्टील तर फारच हळू. स्टीलचा इन्सर्ट असेल तर पॉइंटचं टोक भडकून तापतं आणि इन्सर्टचं मागचं टोक गारच राहतं. तिथे ज्योत लांब धरून सावकाश तापवा आणि मध्ये मध्ये थांबून उष्णता मागे सरकू द्या. ५०, ७५ किंवा १०० ग्रेनच्या पितळी इन्सर्टची अडचण उलटी आहे. त्यात उष्णतेचा साठा मोठा असतो आणि शाफ्टमध्ये गेल्यावरही तो कार्बनला भाजत राहतो. असा इन्सर्ट गोंद जेमतेम सरकेल इतकाच गरम असताना आत घाला.

आत घालताना

सुरुवात करण्याआधी शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा नॉक काढा. नॉक लावलेला शाफ्ट म्हणजे एका बाजूने बंद नळी. गोंद लावलेला इन्सर्ट सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखा आत जातो, हवा दाबली जाते, वरून धातूच्या उष्णतेने फुगते, आणि गोंद ओला असतानाच इन्सर्टला अर्धा-एक मिलिमीटर बाहेर ढकलते. वरून बघणाऱ्याला ते कळत नाही. कॉलर टेकल्यासारखी वाटते, पण खाली गोंदाचा पातळ थर शिरलेला असतो. पुढे पहिल्याच कडक टार्गेटवर तो थर दबतो, गोंदाची पकड तुटते, आणि आठवड्याभरात इन्सर्ट हातात. नॉक घट्ट असेल तर पक्कडीने न चिरडता फिरवत काढा.

खोली गार असेल तर शाफ्टचं तोंड तळहातात धरून कोमट करून घ्या. तेवढं पुरतं.

आता क्रम. तापलेल्या इन्सर्टच्या सगळ्या अंगावर पातळ, अखंड थर द्या आणि मागच्या टोकाला, म्हणजे आधी आत जाणाऱ्या बाजूला, थोडा जास्त. आत जाताना गोंद आपोआप कॉलरकडे सरकतो. मागचं भोक मात्र गोंदाने भरू नका. गोंद लावता लावता धातू गार होतो, म्हणून पॉइंटला दोन सेकंद पुन्हा ज्योत दाखवा. इन्सर्टवरचा गोंद चमकू लागला की शाफ्टच्या तोंडात घाला आणि सावकाश फिरवत, एका दमात आत न्या. दोन-तीन पूर्ण फेरे झाले पाहिजेत, म्हणजे गोंद खाचांतही जातो आणि शाफ्टच्या भिंतीवरही पसरतो. मध्येच अडकला तर जोर लावू नका. बाहेर काढा, तापवा, परत घाला.

कॉलर टेकली की पॉइंटचं टोक लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून शाफ्ट उभा दाबून धरा, पाच ते दहा सेकंद. कॉलरभोवती गोंदाची बारीक, सलग कड बाहेर आलेली दिसली पाहिजे. एका बाजूला कड नाही म्हणजे तिथे गोंद पोचला नाही. खूप जाड कड आली म्हणजे गोंद जास्त झाला.

या सगळ्या वेळात दुसऱ्या हाताची उघडी बोटं शाफ्टवर, तोंडापासून इंचभर मागे असू द्या. तिथे बोट ठेववत नसेल तर कार्बन जास्त तापतोय आणि ताबडतोब गार करायला हवं. एरवीही दाबून धरल्यावर लगेच पॉइंट ओल्या फडक्यात गुंडाळा किंवा फक्त पॉइंट गार पाण्यात बुडवा. साडेसहा ग्रॅम धातूत राहिलेली उष्णता नाहीतर जवळच्या कार्बनमध्येच जाणार. पाणी उघड्या नॉकच्या बाजूने आत जाणार नाही एवढं बघा.

बाहेर आलेला गोंद पूर्ण गार झाल्यावर नखाने किंवा प्लास्टिकच्या कार्डाने काढा. ब्लेडने काढू नका, शाफ्टवर चर पडते. त्या चरेपासून पुढे तडा जाऊ शकतो.

अर्ध्या तासाने तपासा. पॉइंट पक्कडीने धरून सरळ रेषेत ओढा, आणि हाताने, पक्कडीशिवाय, पिळून बघा. जरासुद्धा हालचाल जाणवली तर तो बाण मारू नका. गोंद पुन्हा तापवून बसवणं दोन मिनिटांचं काम आहे.

घट्ट आणि सैल मापाचे इन्सर्ट

इन्सर्ट आणि शाफ्ट एकाच आतल्या व्यासाचे हवेत. ०.२४६ इंचाचा इन्सर्ट ०.२४४ इंचाच्या शाफ्टमध्ये जबरदस्तीने जाईलही, पण गोंदाला जागाच उरणार नाही. कोरडा इन्सर्ट दोन बोटांच्या दाबाने आत जायला हवा आणि बाण उलटा केल्यावर हळूहळू सरकून बाहेर यायला हवा. अडकत असेल तर इन्सर्ट बाहेरून थोडा घासा, शाफ्ट आतून नको. खडखडत असेल तर हॉट मेल्ट ती पोकळी भरून काढेल, पण इन्सर्ट मध्यभागी राहील याची खात्री नाही. असे इन्सर्ट बदललेलेच बरे.

पॉइंट डुगडुगतो

बाण स्पिनरवर (बाण फिरवून बघायच्या स्टँडवर) किंवा नखांवर फिरवला आणि टोक गोल गोल हलताना दिसलं, तर आधी पॉइंट बदलून बघा. डुगडुग गेली तर पॉइंटच वाकडा होता किंवा त्याच्या आट्यांत घाण होती. तशीच राहिली तर ज्या बाजूला टोक उचललं जातं तिथे शाफ्टवर आणि इन्सर्टच्या कॉलरवर मार्करने खूण करा. मग पॉइंट तापवा, गोंद मऊ पडला की पक्कडीने इन्सर्ट अर्धा फेरा फिरवा, दाबून गार करा आणि पुन्हा फिरवून बघा. डुगडुग इन्सर्टवरच्या खुणेबरोबर सरकली तर इन्सर्ट दोषी आहे. ती शाफ्टवरच्या खुणेपाशीच राहिली तर शाफ्टची कड तिरकी कापलीय किंवा शाफ्टच वाकडा आहे. एपॉक्सीने बसवलेल्या इन्सर्टवर ही परीक्षा घेताच येत नाही.

टार्गेटमधून ओढताना

इन्सर्टवर खरा ताण बाण लागताना येत नाही. तेव्हा शाफ्ट मागून इन्सर्टच्या कॉलरवर दाबला जातो, म्हणजे तो आणखी घट्टच होतो. सुटतो तो ओढताना. म्हणून दोन सवयी. बाण टार्गेटच्या अगदी जवळ धरून, आत गेलेल्या रेषेतच सरळ ओढा. वरखाली हलवून सैल करायला गेलात तर इन्सर्टच्या मागच्या टोकाशी शाफ्टवर वाकवणारा जोर येतो. आणि पिळावंच लागलं तर नॉकच्या बाजूने बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिळा. त्या दिशेने पॉइंटचे आटे घट्ट होतात. उलट पिळलं तर पॉइंट सुटून आत राहतो.

दाट फोममध्ये जोरात मारलेला बाण घर्षणाने गरम होतो. मिनिटभर थांबून ओढला तर गोंदालाही पुन्हा बळ येतं. इन्सर्ट आत राहिलाच तर तो काढल्याशिवाय त्या जागेवर बाण मारू नका. कार्बन आतल्या धातूवर आदळला तर कार्बन हरतो.

इन्सर्ट काढायचा असेल तर

कमी तापमानाच्या गोंदासाठी सर्वात सुरक्षित साधन म्हणजे नुकतंच उकळलेलं पाणी. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे शाफ्ट भाजण्याची भीती ज्योतीच्या मानाने खूपच कमी. इन्सर्टमध्ये पॉइंट घट्ट लावा, पुढचा दोन-अडीच इंचाचा भाग पाण्यात धरा, वीस ते तीस सेकंदांनी पक्कडीने पॉइंट धरून फिरवत ओढा. आला नाही तर परत बुडवा. पिसं पाण्याच्या आणि वाफेच्या बाहेर राहू द्या. त्यांचा गोंदही उष्णतेला टिकेलच असं नाही. नंतर शाफ्ट उभा ठेवून आतून पूर्ण वाळवा. आत थोडी ओल राहिली तर नवा गोंद धरणार नाही.

पाण्याने काहीच हलत नसेल तर आत हाय टेम्प गोंद किंवा एपॉक्सी आहे. अशा वेळी पॉइंटला थोडी थोडी ज्योत दाखवत, दर तीन-चार सेकंदांनी ओढून बघत काढा. ज्योत शाफ्टवर एक क्षणही नको. गॅसच्या ज्योतीचं तापमान हजार अंशांच्या वर असतं. तिथे ‘जरासंच’ असं काही नसतं.

शाफ्ट भाजला असेल तर

हा भाग गंमत म्हणून वाचून सोडू नका. थर सुटलेला कार्बन बाण धनुष्यातून सुटताना फुटू शकतो आणि त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. तोंडाजवळचा भाग निस्तेज किंवा पांढुरका झालाय, बारीक फुगवटा जाणवतो, जळक्या रेझिनचा वास येतो, कडेला तंतू सुटे दिसतात, किंवा दोन बोटांत दाबल्यावर तोंड किंचित दबतं, यातलं एकही असेल तर तो बाण बाद. खूण दिसत नसली तरी प्रत्येक दुरुस्तीनंतर शाफ्ट चेहऱ्यापासून दूर धरून चारही बाजूंनी हळूच वाकवा, मग हलका पीळ द्या. करकर ऐकू आली तरी तो बाद. बाद झालेला बाण मधोमध मोडून टाका, म्हणजे चुकून पुन्हा भात्यात जाणार नाही. कार्बनची कुसळं कातडीत सहज शिरतात, म्हणून मोडण्याआधी तो जाड फडक्यात गुंडाळा. भाग पुढचाच खराब असेल आणि लांबीची मुभा असेल तर खराब भागाच्या मागे निरोगी कार्बनपर्यंत कापून शाफ्ट वाचवता येतो, पण वाकवून आणि पिळून केलेली तपासणी पुन्हा करावीच लागते.

हॉट मेल्ट कुठे नको

शाफ्टच्या आत पूर्ण लपणारे, कॉलर नसलेले इन्सर्ट हॉट मेल्टवर भरवशाचे राहत नाहीत. ते ठरावीक खोलीवर थांबवावे लागतात आणि गोंद मध्येच थिजला तर खोली चुकते. शिवाय त्यांना शाफ्टच्या कडेवर टेकायला काहीच नसतं. क्रॉसबोचे बोल्ट (आखूड बाण), ओढायला खूप जोर लागणारे कंपाउंड (चाकांचे धनुष्य), कडक उन्हात दिवसभर चालणारा सराव, इथेही सावकाश सुकणारा दोन भागांचा एपॉक्सी घ्या. पूर्ण ताकदीला यायला त्याला साधारण २४ तास द्या.

हॉट मेल्टवरून एपॉक्सीकडे वळताना एक काम चुकवू नका. शाफ्टच्या आतला जुना हॉट मेल्ट शेवटच्या पापुद्र्यापर्यंत काढा. उकळत्या पाण्याने मऊ करून काडीने ओरबाडा, पॉलिश पेपर फिरवा, अल्कोहोलने पुसा आणि टॉर्चने आत बघा. हॉट मेल्टच्या पातळ थरावर लावलेला एपॉक्सी त्या थराला चिकटतो, कार्बनला नाही, आणि इन्सर्ट पुन्हा तसाच निघतो.